ही गोळी वाटून खायची नाही

पर्पेतुआच्या चेहऱ्यावरचं पुरळ गेलं, तेव्हा तिच्या लेकीनं, नाम्बोझेनं, आनंदाच्या भरात मासे आणून शेंगदाण्याच्या रश्शात शिजवले होते. आता कंपालाच्या दवाखान्यात डॉक्टर त्याच पुरळाची चौकशी करू लागले.

"या औषधानं पुरळ येतं. ते आपोआप कसं गेलं? फुप्फुसातली गाठ आटत होती, तीही पुन्हा वाढलीय. आजी, गोळ्या चुकवता का?"

आई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. काही लपवत असल्याची ही खूण नाम्बोझेला लहानपणापासून ठाऊक होती.

"चुकवत नाही. एक दिवस मी घेते, एक दिवस गोरेती घेते."

"शेजारची गोरेतीमावशी?" नाम्बोझे जवळजवळ ओरडलीच.

"तिलाही कॅन्सरच आहे ना! रोज सकाळी येऊन समोर बसते. तिच्यादेखत मी एकटीच कशी खाऊ? आपल्यात असं करतात का?"

"अगं, केळ्यांचा घड आहे का तो, वाटत सुटायला?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, तुमच्या गाठीचा तुकडा तपासला, त्यात एक बिघाड सापडला. नेमक्या त्यावरच ही गोळी काम करते. दुसरीच्या गाठीत तो बिघाड नसेल, तर तिला नुसते जुलाब होतील. आणि अर्ध्या औषधावर तुमची गाठ सोकावते. एकदा सोकावली की मग या गोळीला जुमानत नाही."

मसाकाला, आपल्या गावी परतेपर्यंत नाम्बोझे धुमसत होती. हे औषध मिळवण्यासाठी तिनं किती जणांचे उंबरठे झिजवले होते, आणि ही बाई ते प्रसादासारखं वाटत होती! आईला घरात सोडून ती तडक गोरेतीकडे गेली. भांडायला गेली खरी, पण मोठ्या बाईसमोर आधी गुडघे टेकून विचारपूस करावी लागते, तीही तिनं दात-ओठ खात केली.

"मावशी, आईच्या गोळ्या खाऊन काय मिळालं तुम्हाला?"

गोरेतीनं उशीखालून एक गाठ मारलेलं फडकं काढलं आणि सोडून दाखवलं. सगळ्या गोळ्या त्यात होत्या.

"एकही खाल्ली नाही गं."

नाम्बोझेला हसावं की किंचाळावं कळेना. "मग घेतल्या कशाला?"

"दोन्ही हातांनी देते ती. नाही कसं म्हणू?" गोरेतीनं फडकं पुन्हा बांधलं. "माझीही गाठ तपासली, पोरी. छातीतली. हिच्यासारखी गोळी माझ्यासाठी नाही म्हणाले. सलाइनमधून औषध देत होते, तेही आता थांबवलंय. हे कळलं असतं तर तुझी आई रडत बसली असती. देताना किती खूश असायची ती!"

"सांभाळा! दोघी मिळून एकमेकींची मनं सांभाळा, आणि मरू दे माझ्या आईला!" नाम्बोझे गुडघ्यांवरूनच कडाडली. राग कुणाकुणावर काढायचा हेच तिला उमगत नव्हतं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरेती फडकं घेऊन आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. रडायचं सोडून पर्पेतुआ भडकलीच.

"म्हणजे माझ्या हातचं तू टाकलंस?"

"टाकलं नाही, जपून ठेवलं."

"मग आता मी तुला देऊ तरी काय?"

"चहा दे. आणि तुझी गोळी घे. माझ्यासमोर."

पर्पेतुआनं गोळी तळहातावर घेतली, पण हात वर जाईना. "आई, घे ना!" नाम्बोझे करवादली. शेवटी म्हातारीनं खुर्ची फिरवली, मैत्रिणीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून गोळी गिळली. तिचे खांदे हलत होते.

"गेली का खाली?" गोरेतीनं विचारलं.

आईनं भिंतीकडे बघतच मान हलवली. गाठ सोकावली की नाही, ते पुढच्या तपासणीतच कळणार होतं. नाम्बोझेनं गोरेतीपुढे चहा आदळला. गोरेतीनं पहिला घोट घेतल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे आईनं खुर्ची वळवली.