लाकडी पायांचं यकृत

टबातल्या पाण्यात पहिली तपकिरी रेघ उमटली ती सासऱ्यांच्या टाचेपाशी नव्हे. टाचेपासून वीतभर लांब, पाण्यात सोडलेल्या यंत्राच्या धातूच्या कड्याजवळ. सुनेने घड्याळ पाहिलं. पाण्यात मूठभर मीठ टाकून बटण दाबल्याला तीन मिनिटं, वीस सेकंद.

सभागृहातल्या बाकीच्यांना रेघेच्या जागेशी काही देणंघेणं नव्हतं. "निघालं! निघालं!" एकच गलका झाला.

"हे तुमचं अशुद्ध रक्त," शुद्धीमहाराज म्हणाले. "तपकिरी दिसतंय ते यकृत. फेस आलाय ते गुडघे. आणि हा हिरवट ठिपका म्हणजे जुना राग!"

"भावावरचा असेल," टबात पाय सोडून बसलेले सासरे पुटपुटले.

सासरे बूट बनवायचे. चाळीस वर्षं तळवे पाहून लोकांचे स्वभाव सांगायचे, त्यामुळे तळव्यांतून आजार निघतो हे त्यांना लगेच पटलं. त्यांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि ऑपरेशन आठ महिने लांबलं होतं. "सात बैठका राहिल्यात, मग कापाकापी कशाला?" हे त्यांचं पालुपद. सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. घरात तिचं ऐकतो कोण!

तिने पिशवीतून बूट बेतायचे, पावलांच्या आकाराचे दोन लाकडी साचे काढले. सासऱ्यांच्याच हातचे.

"महाराज, आता हे पाय शुद्ध करा."

"थट्टा करता?"

"लाकडात रक्त नसतं. पाणी स्वच्छ राहिलं तर तुमचंच खरं ठरेल की!"

"टाका, टाका!" लोक ओरडले. महाराजांची पंचाईत झाली. नवं पाणी, तेच मूठभर मीठ, तेच बटण.

तीन मिनिटं, वीस सेकंद. पाणी तपकिरी.

"अरेरे," एक निवृत्त पोस्टमन हळहळले, "लाकडाचंही यकृत गेलं!"

"हवेतला दोष... उतरला असेल," महाराज चाचरले.

"मग हवेलाच बसवा टबात!" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा ओसरल्यावर सुनेने बटण बंद करून कडं वर काढलं. ते जागोजागी झिजलं होतं. "हे लोखंड. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की ते विरघळतं आणि त्याचा गंज होतो. रक्त बंद नळ्यांतून फिरतं, बाबा, तळव्यांतून गळत नाही. ते गाळायला मूत्रपिंडं आहेत. कुणी काही दाखवलं की एवढंच विचारा, पाय नसताना काय होतं?"

सासऱ्यांनी एक साचा उचलला, उलटा केला, अंगठ्याने तळ चोळला. अंगठा तपकिरी झाला.

"हा मी स्वतः तासलाय," ते म्हणाले. "याला कसला आजार?"

मग त्यांनी आपले ओले पाय पुसले, चपला चढवल्या.

"सूनबाई."

"हं, बाबा?"

"ऑपरेशनची तारीख घे. जवळातली जवळची."