वर्नाच्या हातावरचे जिल्हे

"वर्ना, कुठल्या जिल्ह्यात आहोत आपण?"

वॉकीटॉकीत नुसती खरखर झाली. माझ्या पुढे चाललेली तिची घरगाडी वाऱ्याने उजवीकडे कलली, सरळ झाली, मग तिचा आवाज आला.

"तुला देवाने हात दिले नाहीत का, मर्ल?"

"दिलेत की. दोन्ही स्टिअरिंगवर आहेत. सोडले तर गाडी गव्हात जाईल."

"आणि मी काय पायाने चालवतेय? टॅगर्ट. अजून वीस मैल टॅगर्टच."

एप्रिलचा दुसरा आठवडा, कॅन्सस, आणि तीन दिवस दक्षिणेकडून सुटलेला वारा. घरगाडी म्हणजे तीस फूट लांब, बारा फूट उंच, आतून पोकळ असं एक खोकं. वाऱ्याला याहून आवडतं खेळणं मिळायचं नाही. शिवाय आमच्या दोघांच्याही मागे आपापली छोटी मोटार बांधलेली. इंडियानातल्या कारखान्यातून नवीकोरी घरगाडी घ्यायची, हजार मैलांवरच्या विक्रेत्याच्या आवारात नेऊन सोडायची आणि मागच्या मोटारीतून घरी यायचं, हा आमचा धंदा. वर्ना तो अकरा वर्षं करत होती, मी सहा.

लोक म्हणतात, मजा आहे तुमची, रोज नवं घर. कसलं घर आणि कसलं काय. गादीवर प्लास्टिक, सोफ्यावर प्लास्टिक, जमिनीवर चिकटवलेला कागद. पलंगावर पडायचं नाही, शेगडी पेटवायची नाही, नळ सोडायचा नाही, संडासाचं तर नावच काढायचं नाही. ड्रायव्हरशिवाय दुसरं माणूस आत घ्यायचं नाही. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात ना, तसं. रात्री मागच्या मोटारीत पाय दुमडून झोपायचं. गाडी पोचवली की एक फॉर्म भरायचा, आणि त्यातला शेवटचा प्रश्न असा: पोचवण्याआधी वापर झाला का? तिथे 'हो' लिहिणारा माणूस पुन्हा आमच्यात दिसत नाही.

वर्ना तर बूट दाराशी काढून मोज्यांवर गाडी चालवायची. कॉफी प्यायची झाली तर खाली उतरून, वाऱ्याकडे पाठ करून प्यायची. तिचा नवरा लाइल तीस वर्षं कारखान्यात याच घरगाड्यांची कपाटं बसवत होता. आता त्याचे गुडघे गेले, तो घरी खिडकीशी बसून हवामानाचा रेडिओ ऐकतो. वर्ना त्रेसष्ट वर्षांची, पण दोन दिवस घरी राहिली की तिसऱ्या दिवशी तिच्या अंगणात फेऱ्या सुरू व्हायच्या. "पायाला भिंगरी लावूनच जन्मली ही," लाइल म्हणायचा. "लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एका जागी उभी कशी राहिली, हेच नवल." तिला घरी बसवणं म्हणजे तिचा श्वास कोंडणं, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आता हातावरच्या जिल्ह्यांचं. आमच्याकडे वादळाचा इशारा रेडिओवर जिल्ह्याच्या नावाने देतात. गावात राहणाऱ्याला आपला जिल्हा ठाऊक असतो. भटक्याला काय ठाऊक? ओक्लाहोमात एक जोडपं आभाळातून चक्रीवादळाची सोंड खाली उतरेपर्यंत घरगाडीत अंडी तळत बसलं होतं. रेडिओ घसा फोडून त्यांच्याच जिल्ह्याचं नाव घेत होता, आणि यांना वाटत होतं, कोण बिचारे राहत असतील तिथे. म्हणून जिल्ह्याची पाटी लागली की वर्ना डाव्या हाताच्या पंज्यामागे बॉलपेनने नाव लिहायची आणि आधीचं खोडायची. कागद चिकटवला तर नव्या गाडीवर डाग पडेल, हाताला कोण विचारतं! संध्याकाळपर्यंत खोडलेले जिल्हे मनगटाच्या वर चढलेले असायचे. मला सगळं आयतं मिळत होतं. मी कधी खिशात पेनसुद्धा ठेवलं नाही.

चारच्या सुमाराला आभाळ बदललं. मुका मार लागल्यावर कातडी जशी हिरवी-निळी होते, तसं झालं. वारा एकदम पडला. तीन दिवस कानांत असलेला आवाज थांबल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण मी रेडिओचा आवाज वाढवला. तेवढ्यात रेडिओवर नावं सुरू झाली.

"मर्ल," वर्ना म्हणाली, "हे आपल्यालाच सांगतायत. पुढे उजवीकडे घरगाड्यांच्या कॅम्पची पाटी आहे. वळ. आणि वाद नको."

कॅम्पची मालकीण रेनकोट घालून फाटकातच उभी होती. गाड्या तिथेच सोडा आणि न्हाणीघरात चला, म्हणाली. या भागात कॅम्पचं न्हाणीघर काँक्रीटचं असतं, वादळात सगळे तिथेच जमतात. आत आम्ही आठ जण होतो. मालकीण, दोन लहान मुली आणि त्यांची आई, आम्ही दोघं, आणि टेक्सासमध्ये हिवाळा काढून मिनेसोटाला परत निघालेलं एक म्हातारं जोडपं, ऑर्व्हल आणि हेस्टर. शिवाय दोन कुत्री.

"सपाता घालून आलास?" हेस्टर नवऱ्याला म्हणाली. "बूट घालायला काय धाड भरली होती?"

"तू ओढत आणलंस. निवडायला वेळ दिलास का?"

"साठ वर्षं वेळच देतेय."

मुली हसल्या. मग दिवे गेले आणि कोणी हसलं नाही. पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. वर्नाने एका मुलीला पोटाशी घेतलं होतं आणि माझं डोकं खाली दाबून धरलं होतं, एवढं आठवतं.

बाहेर आलो तेव्हा गार पाऊस पडत होता. ऑर्व्हलचा मोटारीमागे ओढायचा घर-ट्रेलर आडवा झाला होता आणि त्याचं एक चाक अजून फिरत होतं. मुलींच्या आईच्या ट्रेलरला एक बाजूच उरली नव्हती. मालकिणीच्या घराचं छप्पर गेलं होतं. आमच्या दोन्ही घरगाड्या मात्र गारांचे पोचे घेऊन जागच्या जागी उभ्या होत्या. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी विजेचे खांब आडवे पडले होते. मालकिणीने मदतीसाठी फोन लावला. अँब्युलन्सला दोन तास तरी लागतील, असं कळलं.

ऑर्व्हल आपल्या आडव्या घराकडे बघत पावसात उभा राहिला. बोलावलं तरी हलेना. त्याला ओढून आणेपर्यंत तो नखशिखान्त भिजला होता, आणि मग त्याला जी हुडहुडी भरली ती थांबेना. ओठ निळे पडले. हेस्टरने बोलणं थांबवलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

वर्नाने किल्ली काढली. मी तिचा दंड धरला.

"वर्ना. अगं, फॉर्म."

"फॉर्म गारठत नाही, मर्ल."

ती चिखलाच्या बुटांनी आत चढली. सहा वर्षांत मी तिला बूट घालून आत जाताना पहिल्यांदा पाहिलं. गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. मग तिने जनरेटर लावला, हीटर लावला, आणि त्या काळ्या संध्याकाळी तिच्या घरगाडीच्या सगळ्या खिडक्या पिवळ्या झाल्या. ऑर्व्हलला आत घेतल्यावर ती दारातून वाकली.

"तुझीपण उघड. पोरी आणि त्यांची आई तुझ्यात येऊ दे. इथे त्याला जरा मोकळं पडता येईल."

माझी किल्ली खिशात होती आणि खिशातल्या मुठीत होती.

"माझा जनरेटर सुरू होत नाहीये," मी म्हणालो. "सकाळपासून कुरकुरतोय."

सबंध प्रवासात मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

वर्नाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि तिने मुलींना, त्यांच्या आईला आणि मालकिणीला वर घेतलं.

त्यावर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगून पाहिली आहेत. खरं कारण एकच, मी घाबरलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, आणि नोकरी तर तिचीही जाणार होती.

मी माझ्या छोट्या मोटारीत जाऊन बसलो. काचेतून तिची घरगाडी दिसत होती. आत कोणी उठत होतं, कोणी बसत होतं, कुत्रं सोफ्यावर चढत होतं आणि त्याला उतरवत होते. इतकी वर्षं या गाड्या पोचवल्या, पण आत माणसं असताना त्या कशा दिसतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या काचेवर टकटक झाली. वर्ना कप घेऊन उभी होती. कप हेस्टरचा, आडव्या ट्रेलरमधून काढलेला.

"घे. टोमॅटोचं सूप आहे. थंडीत बसू नकोस, आत ये."

"बरा आहे मी इथे."

तिने आग्रह केला नाही. तिथेच, माझ्या मोटारीच्या आडोशाला उभी राहून तिने लाइलला फोन लावला. वारा पुन्हा सुटला होता, म्हणून ती ओरडून बोलत होती.

"टॅगर्ट... हो, हातावर वाचूनच सांगतेय. मी ठीक आहे. लाइल, ऐक ना. आत सगळे दिवे लावलेत... हो रे, माणसं आहेत, सात. काय? कपाटं?" ती क्षणभर हसली. "नाही, कुरकुरत नाहीत. एका पोरीने खालच्या कपाटात बाहुली झोपवलीय. दार लावून घेतलंय आणि म्हणते, तिची खोली आहे."

मग तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रडतोस काय, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "पुस डोळे."

अँब्युलन्स सातला आली. तोवर ऑर्व्हल ब्लँकेटात गुंडाळून कुत्र्याच्या खोड्या काढत होता. त्याला तपासणारा माणूस म्हणाला, दोन तास ओल्यात राहिला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. हेस्टरने त्यावरही सपातांवरून नवऱ्याला झाडलं, पण त्याचा हात काही सोडला नाही. ती दोघं घरगाडीतच राहिली. वर्ना रात्रभर ड्रायव्हरच्या खुर्चीवर बसून होती. पलंग तिच्या वाट्याला तेव्हाही आला नाही.

सकाळी वर्ना आणि हेस्टरने मिळून भांडी घासली, जमीन पुसली. पण वापरलेलं घर ते वापरलेलंच दिसतं.

रस्ता मोकळा झाल्यावर निघालो आणि दुपारी आम्ही कोलोराडोत विक्रेत्याच्या आवारात पोचलो. गाड्या तपासून घेणारा अर्विन आमच्या ओळखीचा, पोट सुटलेला, मवाळ माणूस. तो वर्नाच्या घरगाडीत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

"हे बघ वर्ना. छप्पर गळलं, प्लास्टिक भिजलं, फाडावं लागलं. वादळ तर खोटं नाही? मी तसं लिहितो, गादी बदलून घेतो. संपलं."

"छप्पर गळलं नाही," वर्ना म्हणाली. "चांगलं बांधलंय."

"अगं, घरी बसवतील तुला."

"ते मला कळतं, अर्विन. अकरा वर्षं मी तिथे 'नाही' लिहिलं, ते खरं होतं. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

तिने 'हो' लिहिलं. खाली कारणाच्या जागी लिहिलं: सात माणसं, दोन कुत्री, एक रात्र. सगळं नीट चालतं. मग तिने पेन माझ्यापुढे धरलं.

"घे. तुझ्याकडे नसणारच."

ती आपल्या घरगाडीच्या मागे गेली आणि स्क्रू काढू लागली. आमची नंबरपाटी आमची असते, पोचवलेल्या गाडीवरून काढून पुढच्या गाडीला लावायची. तिच्या स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज मला दहा पावलांवरून येत होता. अर्विन माझ्या घरगाडीत फिरला. पलंग, शेगडी, नळ, संडास. सगळं प्लास्टिक जागच्या जागी. वापर? नाही.

"जनरेटर," अर्विन म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पहिल्याच दाबाला सुरू झाला. काय सुरेख चालत होता. पलीकडचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. मी फॉर्मवर 'चालू' असं लिहिलं आणि सही केली.

पुढच्या सोमवारी तिला घरी बसवलं. पण ते नंतरचं.

त्या दुपारी आम्ही आपापल्या छोट्या मोटारीतून पूर्वेकडे निघालो. ती पुढे, मी मागे, जसे कायम असायचो. वारा आता दुसऱ्या बाजूने मारत होता, रस्त्यावरून वाळलेली झुडपं घरंगळत जात होती. वॉकीटॉकी दोघांचाही चालू होता. ती काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, या धास्तीने मी शंभरएक मैल काढले. शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. जिल्ह्यांच्या पाट्या मागे पडत होत्या. मी विचारत नव्हतो. कुठल्या तोंडाने विचारणार?

अंधारायला आलं तशी पुन्हा रेडिओवर नावं सुरू झाली. समोरच्या क्षितिजावर ढगांची भिंत उभी राहत होती. तेव्हा खरखर झाली.

"मर्ल. प्रॉक्टर लागला. इशाऱ्यात नाव नाहीये, पण कान उघडे ठेव."

मी बटण दाबलं. सोडून दिलं.

"आणि आता पाटी तूपण बघत जा," ती म्हणाली. "माझ्याकडे लिहायला काही नाही."

मी शर्टाचा खिसा चाचपला. तिचं पेन तिथेच होतं, परत द्यायचं राहून गेलं होतं. मी गाडी कडेला घेतली, दिवा लावला आणि डाव्या हातावर लिहिलं: प्रॉक्टर. मान वर केली तेव्हा पुढे थोड्या अंतरावर वर्नाची मोटारही कडेला थांबलेली होती, मागचे दिवे लावून, माझी वाट बघत.