वजनकाटा, विमान आणि वरवंटा

मित्रांनो, मी जुना आहे, लोखंडी आहे आणि मला क्षणभरही स्वस्थ राहता येत नाही. मी वजनकाटा आहे. रत्नागिरीहून बेटावर जाणाऱ्या छोट्या विमानाच्या प्रवाशांची जी खोली आहे, तिथे काउंटरला लागून मी उभा असतो. दार उघडलं की वारा आत येतो आणि माझ्या तबकडीवरची सुई शून्यावरच थरथरू लागते. कोणी जवळून चालत गेलं तरी तिला ते कळतं.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका कारखान्यात झाला. पायाखालच्या फळीवरचा भार आतल्या तरफांवर येतो, तरफा स्प्रिंगला ओढतात आणि स्प्रिंग सुईला फिरवते. एवढीच माझी रचना. तिथून मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर आलो. उजाडल्यापासून माझ्यावर मासळीचे क्रेट आदळत, एक स्थिरावण्याआधीच दुसरा. बांगडा, सुरमई, कोळंबी, वर बर्फ. लिलावात भांडण जुंपलं की लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "काट्यावर ठेव, मग बोल!" तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे बॅटरीवर चालणारे चपटे काटे आले. मला बर्फाच्या कारखान्यामागे नेऊन ठेवलं. माझ्यावर फाटकी जाळी पडली, जाळ्यांवर पाऊस पडला, तरफांना गंज चढला. सुई तिथेही थरथरायची, पण तिच्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. त्यापेक्षा भांडणं बरी होती.

विमान कंपनीने मला उचलून आणलं, कारण त्यांचा नवा काटा खाऱ्या हवेने सारखा बंद पडे. मला घासलं, तेल दिलं, हिरवा रंग लावला. दमट दिवसांत मला अजून बांगड्याचा वास येतो, असं प्रवासी म्हणतात. ते खरं आहे.

इथे मी माणसांना तोलतो. मोठ्या विमानाला फक्त तुमच्या सामानाचं वजन लागतं. आमचं विमान लहान. माणसं, पिशव्या, इंधन, सगळं मिळून ठरलेल्या वजनाच्या आत बसवावं लागतं. शिवाय तोल सांभाळावा लागतो, म्हणून कोण कुठे बसणार हे वजन पाहून ठरतं. नवराबायकोला वेगवेगळ्या रांगा मिळाल्या, तर रुसू नये. समोरून जोराचा वारा असला की इंधन जास्त घ्यावं लागतं आणि तेवढंच वजन प्रवाशांतून कमी करावं लागतं. मग ज्याने सर्वांत शेवटी तिकीट काढलं, तो मागे राहतो.

मे महिना संपत आला होता. पावसाळ्यासाठी बेटावरच्या बोटी बंद झाल्या होत्या आणि विमान वाऱ्याची वाट पाहत उभं होतं. तेव्हा गुणवंतीमावशी आल्या. मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या, माझ्या जुन्या ओळखीच्या. त्यांची लेक संध्या बेटावर राहते. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे ती बाळंतपणाला माहेरी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाळाचं बारसं होतं, आणि मावशींचं तिकीट सर्वांत शेवटचं होतं.

मावशी पिशवी घेऊन माझ्यावर चढल्या आणि त्यांनी एक पंजा हळूच काउंटरवर टेकला. माझी सुई झोके घेऊ लागली. हाताने भार उचलला की वजन कमी भरतं, पण हात काही एकसारखा दाबत नाही.

काउंटरवरच्या योगिनीने सुईकडे पाहिलं. "मावशी, हात काढा."

"चक्कर येते गो मला."

"मग नंतर खुर्ची देते. आधी हात काढा."

हात सुटला आणि सुई एकदम पुढे धावली. मागे आंब्याची पेटी घेऊन बागायतदार श्रीपतीकाका उभे होते. त्यांचं वजन आधीच झालं होतं. ते म्हणाले, "काय हो मावशी, अख्खा फणस गिळून आलात की काय?"

"तुमच्या बागेतला नाय ना गिळला? मग गप ऱ्हावा!"

योगिनीने बेरीज केली आणि आवाज खाली आणला. "मावशी, आज वारा समोरून आहे. एवढं वजन जायचं नाही. तुमचं नाव शेवटी आहे."

मावशींनी पाठ फिरवून कमरेला बांधलेला पंचा सोडला आणि काळाभोर वरवंटा बाहेर काढला.

"मेला पुतण्या मुंबैसून फोनवर सांगतो, पिशवीच तोलतात, माणसाला कोण तोलतंय!"

सगळी खोली हसली.

"पण वरवंटा कशाला?" योगिनीने विचारलं.

"बारशाला आधी ह्याला टोपडं घालतात, ह्याला पाळण्यात घालतात, मग बाळाला. तिकडं सगळ्यांकडं मिक्सर हाय. ह्याच वरवंट्यावर माझं बारसं झालं, संध्याचं झालं."

"दगडच तो," श्रीपतीकाका म्हणाले. "समुद्रावर हवे तेवढे मिळतील."

"तुमची कलमं पण कुठंपण मिळतात काय?"

काकांनी आंब्याची पेटी जवळ ओढली.

मावशींनी पिशवीतून लाडवांचा मोठा डबा काढला. लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू. डब्यावरून एकदा हात फिरवला आणि तो काउंटरवर ठेवला. "हे ऱ्हाऊ देत. लाडू तिथं वळीन. हा काय वळता येत नाय."

काकांनी लगेच एक लाडू उचलला.

"काका, लाडू डब्यात असो नाहीतर तुमच्या पोटात, काट्याला सारखाच," योगिनी म्हणाली. "जे विमानात बसणार, त्यांनी खायचा नाही."

काकांनी लाडवाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग एक आंबा काढून योगिनीच्या हातात दिला आणि लाडू तोंडात टाकला. "झाली की नाही बरोबरी?"

मग नोंद करायला योगिनीने वरवंटा एकटाच माझ्यावर ठेवला. मित्रांनो, माझी सुई फिरली आणि थांबली. पूर्ण थांबली. जिवंत माणसाचा श्वास चालतो, काळीज उडतं, ते सगळं माझ्या स्प्रिंगपर्यंत पोहोचतं. दगडाचं काहीच पोहोचलं नाही. आयुष्यात प्रथमच मी शांत झालो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. लाडू राहिले तेवढ्याने वजन बसलं आणि मावशींना घेऊन विमान उडालं, तरी ते पोहोचलं का, या विचाराने मी पुन्हा थरथरत होतो.

दिवाळीनंतर त्या मायलेकी बाळाला घेऊन आल्या. माहेरपण संपवून संध्या बेटावर परत निघाली होती. या वेळी मावशी फक्त पोहोचवायला आल्या होत्या. योगिनीने माझ्यावर शाल घातली आणि बाळाला ठेवलं. बाळाचं नाव आरोही. मावशी शेजारी हात पसरून उभ्या होत्या, पण त्यांनी मला बोटही लावलं नाही. आरोहीने पाय झाडले. माझी सुई मागेपुढे धावत सुटली. योगिनी पेन धरून वाट पाहत राहिली. "मावशी, हिची सुई थांबतच नाही हो!"

"थांबायची वाट कशाला बघतेस गो?" मावशी म्हणाल्या. "धावू दे तिला."

योगिनी हसली आणि तिने मधला आकडा लिहिला.

मित्रांनो, माझी फळी कोरड्या फडक्याने पुसत जा. खारी हवा मला सोसत नाही. माझ्यावर चढाल तेव्हा काही लपवू नका, कशाला टेकू नका, हात सोडून सरळ उभे राहा. आणि सुई हलत राहिली, तर मी बिघडलो असं म्हणू नका. माझ्यावर कोणीतरी जिवंत उभं आहे, एवढंच ती सांगत असते.