सत्तेचाळीस नंबर

दवाखान्याच्या बाकावर टेकताना टर्नरच्या बायकोने नवऱ्याला आणि भावाला एकच काम सांगितलं. भिंतीवरच्या पाटीवर सत्तेचाळीस नंबर लागला की मला खिडकीपाशी न्या. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याने अंधुकच दिसे; त्याचं यंदा ऑपरेशन झालं नाही तर तोही जाणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोफत ऑपरेशनची यादी वर्षातून एकदाच होई, आणि त्या दिवशी दुपारी बाराला खिडकी बंद.

नवरा जुन्या समाजवादी राजवटीतल्या सरकारी कारखान्यात लेथ चालवणारा निवृत्त टर्नर, तिचा धाकटा भाऊ ती राजवट गेल्यानंतरच्या नव्या जमान्यातला दुकानदार. हे दोघं शेजारी बसले की आगीत तेल ओतायला तिसरा लागत नसे.

“समाजवादात असं ताटकळावं लागलं नसतं,” टर्नर म्हणाला. “औषध फुकट, घर कारखान्याचं. कुणी उपाशी झोपलं का तेव्हा?”

“झोपायला मिळालं तर ना, भाऊजी! पहाटेपासून बुटांच्या रांगेत. आणि हातात काय, तर दोन्ही डाव्या पायाचे!”

“तीन वर्षं घातलेस की!”

“लंगडत घातले. आज माझ्या दुकानात वीस तऱ्हेचे आहेत.”

“आणि लोक काचेबाहेरूनच बघतात.”

घंटी वाजली. “कितवा आला?” तिने विचारलं.

“अवकाश आहे, ताई,” भाऊ पाटीकडे न बघताच म्हणाला, आणि पुन्हा भाऊजींकडे वळला.

तिला मनातून हसू आलं. ते बूट तिनेच आणले होते, सात तास उभी राहून. त्या दिवशीही हे दोघे स्वयंपाकघरात बसून ही राजवट टिकणार की नाही, यावर घसा कोरडा करत होते.

घंटी आणखी कितीदा तरी वाजली. मग खिडकीची फळी धाडकन खाली आली. टर्नर धावला.

“सत्तेचाळीस तीनदा लावला,” आतून आवाज आला. “कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी या.”

दोघांची तोंडं पडली. ती भिंत चाचपत उठली.

“ताई, चुकलं गं,” भाऊ रडवेला झाला.

“तेव्हा निदान नाव पुकारायचे...” टर्नर सवयीने बोलून गेला.

“तेव्हा रांगेत मी उभी असायचे,” ती म्हणाली. “म्हणून नंबर चुकला नाही.”