घेतलं की पोचवायचं

बायकोच्या, रजनीच्या वर्षश्राद्धाचं निमंत्रण पाठवून आठवडा झाला, तरी एकाचाही जवाब आला नाही. तेव्हा गजानन मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक शनवारा भागात चुडामणच्या घरी निघाले. निघाले ते भांडायलाच. चुडामण केळीचा व्यापारी, मास्तरांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाकीच्यांचं एक वेळ समजण्यासारखं होतं, पण यानं गप्प बसावं?

"चुडामण, जेवायला येऊ नको. पण नाही म्हणायला तरी तोंड आहे ना तुला?" मास्तर ओट्यावरूनच बोलले.

चुडामण फोनवर कुणाशी तरी भावाची घासाघीस करत होता. त्यानं फोन खाली ठेवला. "काय झालं मास्तर? बसा तं खरं. प्रतिभा, पानी आन वं."

"पाणी नको. रजनीचं वर्षश्राद्ध आहे, तुला ईमेल केला. जवाब कुठाय?"

"मले तं काहीच आलं नाही."

"आलं. समोरच्या सर्व्हरनं घेतल्याची नोंद आहे माझ्याकडे."

"माह्याकडे कुठला सर्व्हर? माह्याकडे दोन ट्रक हायेत, त्यातला एक बंद हाय."

चुडामणची सून प्रतिभा पाणी घेऊन आली होती. तिनं सासऱ्याचा फोन उचलला, बोटानं इकडेतिकडे सरकवला आणि म्हणाली, "मास्तर, आलंय. पण स्पॅममध्ये पडलंय. बाबा तिकडे कधी बघतच नाहीत."

मास्तरांनी चष्मा लावला. वर लाल पट्टी होती. या संदेशापासून सावध राहा, पाठवणारा धोकादायक असू शकतो. पट्टीच्या खाली रजनीचं नाव. नावाच्या वर कुठल्याशा लॉटरीचं बक्षीस, आणि खाली मर्दानी ताकदीच्या गोळ्या.

"धोकादायक?" मास्तरांचा आवाज चढला. "रजनी धोकादायक? हे ठरवणारे कोण?"

"कोणी ठरवत नाही हो मास्तर, आपोआप होतं. छोट्या सर्व्हरवरून आलं की या मोठ्या कंपन्यांना शक येतो. त्यांनी नियम कडक केलेत ना, दीडदोन वर्षं झाली. बरं झालं आज बघितलं. महिना झाला की यातलं सगळं पुसून टाकतात."

"काय म्हणालीस?"

"पुसून टाकतात. आपोआप."

मास्तर ओट्यावर बसले. त्यांना श्राद्धाचं निमंत्रण आठवत नव्हतं. त्यांना वेगळंच काही आठवलं होतं.

मास्तरांचा हा सर्व्हर म्हणजे काय, ते बुऱ्हाणपुरातल्या नव्या पोरांना सांगूनही कळणार नाही. मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता आणि रजनी त्यात शिकवायची. गावात इंटरनेट नुकतंच आलेलं, तेही टेलिफोनच्या तारेवरून, कुरकुरत. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मास्तरांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर ईमेलचा सर्व्हर चढवला. म्हणजे लोकांची पत्रं घेणारं, जपून ठेवणारं आणि लाइन लागली की पुढे धाडणारं मशीन. सकाळ-संध्याकाळ ते फोन लावायचं, गावाची पत्रं द्यायचं, गावाची पत्रं घ्यायचं. चुडामणचे दिल्लीचे सौदे त्यावरूनच ठरत.

पण खेड्यात कॉम्प्युटर कुणाकडे? मग रजनीनं डोकं चालवलं. तिनं प्रत्येक गावाच्या नावानं एकेक पेटी उघडली. दापोऱ्याची एक, जसोंडीची एक, खकनारची एक. मस्कतला गेलेल्या पोरानं दापोऱ्याच्या पेटीत पत्र टाकायचं आणि वर लिहायचं, मारुतीच्या मागे राहणारी गोदाबाई. रजनी ते छापायची आणि लुना काढून दापोऱ्याला जायची. पोरं मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत, ते खेड्यात कुणाला लागणार? रजनी वाचून दाखवायची. वाचून झालं की कागदाची घडी घालून विचारायची, "जवाब काय?" आणि जवाब घेतल्याशिवाय उठायची नाही.

"काय लिहू मी?" गोदाबाई म्हणायची. "लिही, म्हैस व्याली. पारडी झाली. माह्या कौतिकला म्हण, उलिसं, दोन घास तरी जेवत जाय."

एकदा वादळानं तारा पडल्या आणि टेलिफोन मेला. दुरुस्तीचा पत्ता नाही. मशीनमध्ये गावाची पत्रं अडकून पडलेली. रजनीनं ती सगळी फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि खंडव्याची बस धरायला निघाली. तिथे तिच्या मावसभावाकडे इंटरनेट होतं.

"अगं, त्यात म्हैस व्याल्याचं पत्र आहे," मास्तर वैतागून म्हणाले होते. "त्याच्यासाठी खंडव्याला कोण जातं?"

"आपण घेतलंय ना?" रजनी म्हणाली. "घेतलं की पोचवायचं."

हा तिचा एकटीचा हट्ट नव्हता. ईमेलची सगळी व्यवस्थाच या बोलीवर उभी होती. एका मशीननं दुसऱ्याला सांगायचं, घेतलं. एकदा घेतलं म्हटलं की जबाबदारी त्याची. पोचवायचं, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत करायचं. तिसरा रस्ता नाही. यासाठी पोलीस नव्हते की कोर्ट नव्हतं. बुऱ्हाणपूरच्या टायपिंग क्लासचं मशीन आणि अमेरिकेतलं मशीन, दोघं एकमेकांचा शब्द मानत.

पुढे सगळे फुकटातल्या मोठ्या कंपन्यांकडे गेले. मास्तर गेले नाहीत. मशीन बदलत गेलं, सर्व्हर राहिला, आणि त्यावर दोन माणसं राहिली. ते आणि रजनी.

गेल्या वर्षी आजारपणात रजनी पुण्याच्या मुलाला, हर्षलला, दर गुरुवारी पत्र लिहायची. फोन होताच, पण फोनवर नुसतं औषधांचं बोलणं व्हायचं. बाकीचं सगळं ती पत्रात लिहायची. आधी हर्षलचा दोन ओळी का होईना जवाब यायचा. मग यायचा बंद झाला. मास्तर नोंद बघायचे, समोरच्यानं 'घेतलं' म्हटलेलं असायचं. म्हणजे पोचलं.

"विचार ना त्याला फोनवर," मास्तर म्हणायचे.

"मागून घेतलेला जवाब काय कामाचा? कामात असेल," रजनी म्हणायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा लिहायला बसायची. ती गेली तोपर्यंत एकही जवाब आला नव्हता.

मास्तर त्यानंतर वर्षभर मुलाशी धड बोलले नव्हते. पुण्याला चला म्हणाला, नाही म्हणाले. ते मशीन बंद करा आता म्हणाला, तर फोनच ठेवून दिला. कारण सांगितलं नाही. जे आईला जवाब देत नाहीत त्यांना कारणं काय सांगायची?

चुडामणच्या ओट्यावरूनच त्यांनी हर्षलला फोन लावला.

"मागच्या पावसाळ्यात आईची पत्रं आली होती तुला?"

"पत्रं?" हर्षल म्हणाला. "नाही बाबा. आईनं लिहिणं बंद केलं होतं ना. मला वाटलं हात चालत नसेल. विचारलं तर तिला लागेल, म्हणून विचारलं नाही."

"ती लिहीत होती," मास्तर म्हणाले. "शेवटपर्यंत."

चुडामणनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "हर्षल, मी चुडामणकाका. तू लवकर ये बरं. बाकी काही नाही."

घरी येऊन मास्तरांनी हर्षलची ईमेलची पेटी असलेल्या कंपनीला तक्रार लिहिली. साध्या भाषेत लिहिली. माझ्या बायकोची पत्रं तुम्ही 'घेतली' म्हणालात, मग पोचवली का नाहीत? नव्हती पोचवायची तर परत का केली नाहीत? मी दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं धाडली असती. मीच घेऊन गेलो असतो पुण्याला. घेतली म्हणायचं, अंधाऱ्या खोलीत टाकायची आणि महिन्यानं जाळायची, हा कुठला धंदा? एका मरणाऱ्या बाईला तिच्या मुलानं विसरल्यासारखं करून ठेवलंत तुम्ही.

जवाब लगेच आला. तुमचा संदेश मिळाला आहे. आपल्या मताचा आम्हांला आदर वाटतो. कृपया या पत्त्यावर जवाब पाठवू नये.

मास्तरांनी ती ओळ परत वाचली. जवाब पाठवू नये! जगभराची पत्रं गिळून बसलेली कंपनी, आणि स्वतःचा पत्ता असा ठेवते की तिथे कुणी बोलायचं नाही. रजनी असती तर त्यांच्या दारात जाऊन बसली असती.

हर्षल दुसऱ्या दिवशीच आला. बॅगही खाली ठेवली नव्हती, म्हणाला, "बाबा, तिच्या पत्रांच्या प्रती असतील ना मशीनवर? मला फॉरवर्ड करता?"

"फॉरवर्ड?" मास्तर भडकले. "पुन्हा त्याच उकिरड्यावर टाकू? बस इथं."

त्यांनी सगळी पत्रं छापून ठेवली होती, रजनी छापायची तशी. हर्षलला खाटेवर बसवून ते समोर स्टूल ओढून बसले आणि वाचायला लागले. नवा डॉक्टर चांगला आहे पण बोलत नाही. सूनबाई प्राजक्ताला धाडलेली दराब्याची मिठाई आवडली का ते कळव. तुझे बाबा वरणात मीठ दोनदा घालतात, मी सांगत नाही. हर्षल इथे हसला आणि मग तोंड फिरवून बसला. मास्तर थांबले नाहीत. थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, गोदाबाई फार थकली आहे, तुझी आठवण काढते. लहानपणी लुनावर मागे बसून यायचास ना. या वेळी आलास की माझ्याबरोबर एकदा दापोऱ्याला चल. येशील ना?

मास्तरांनी कागदाची घडी घातली. मशीनवर नवं पत्र उघडलं, वर रजनीचा पत्ता लिहिला आणि मुलाकडे वळले.

"जवाब काय?"

"बाबा…"

"जवाब काय, ते सांग. घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

हर्षल उठून मशीनपाशी आला. मग म्हणाला, "लिहा. पत्रं आज मिळाली. दराबा आवडला होता, प्राजक्ताला अन् मलाही." त्यानं नाक पुसलं. "उद्या सकाळी बाबांबरोबर दापोऱ्याला जातो. तुझ्या श्राद्धाचं गोदाबाईला मी स्वतः सांगतो."

मास्तरांनी लिहून धाडलं. मशीननं क्षणभर वेळ घेतला आणि नोंद केली, घेतलं. रजनीच्या पेटीसमोर एक न वाचलेलं पत्र दिसायला लागलं. नीट पोचलं का बघावं म्हणून हर्षलनं माउसकडे हात नेला.

"हात लावू नको," मास्तर म्हणाले. "तिचं पत्र आहे ते."