आले का रे?

धाकट्याने कणीस सोललं, शेंड्याकडचे दाणे पाहिले आणि ते बाजूला टाकलं. दुसरं सोललं. तिथेही तीच गुलाबी बुरशी. बाहेरून मका दृष्ट लागावी असा, पानावर ठिपका नाही. आत मात्र सगळा नासलेला.

ताईच्या कोंबड्या वर्षभर याच मक्यावर जगायच्या आणि कोंबड्यांवर ताई. फवारणी तीच करायची. धाकटा फक्त पाणी भरून द्यायचा. यंदा ती इस्पितळात होती. तिथल्या औषधांनी तिचे केस गेले आणि घरातून तो शब्दच गेला. कंगवासुद्धा कपाटात लपवला.

तेव्हाच तिचा फोन आला होता. "आले का रे?"

काय, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलणं नको त्या शब्दाकडे वळलं असतं. खिडकीतून पाहिलं, तर मक्याच्या डोक्यावर तुरे डुलत होते.

"आले की! सगळीकडे."

"मग थांबू नकोस. बुरशीनाशक मार."

त्याने दुसऱ्याच दिवशी सगळं औषध मारून टाकलं. आठवड्याने कणसांना केस फुटले, दमट हवेत ओलेच राहिले. धाकटा निर्धास्त होता.

आज ताई घरी आली. डोक्याला रुमाल, अंगणातल्या खुर्चीत टेकलेली. त्याने कणीस तिच्या हातात दिलं.

"मारलं नाहीस?"

"मारलं ना. तुरे आले तेव्हाच."

"अरे, बुरशी केसांतून आत शिरते. मी केसांचं विचारत होते!"

"केस म्हणाली नाहीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून. पण तू विचारायचंस की! टक्कल माझ्या डोक्याला पडलंय, तुझ्या जिभेला नाही."

तो हसला नाही. "चांगली कणसं निवडून ठेवू?"

"डोळ्याला चांगली. बुरशीचं विष दिसतं का कुठे? कोंबड्या घेणाऱ्याला निरोप दे."

"सगळ्या?"

ताईच्या हातात कणीस दिसताच कोंबड्या कलकलाट करत तिच्या पायाशी जमल्या होत्या. ताईने कणीस पाठीमागे धरलं.