चंद्रावतीची साक्ष

रुपल सुरतेला लेकाकडे कायमची राहायला गेली आणि जयश्रीचे रविवार एकदम लांबलचक झाले.

जयश्री रानशेतच्या शाळेत शिक्षिका. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, डहाणूत एका खोलीत भाड्याने राहायची. रुपलचं स्टेशनजवळ कापडाचं दुकान. एकदा अस्तराचं कापड घ्यायला गेली असताना जयश्रीच्या पिशवीतून पक्ष्यांचं पुस्तक डोकावत होतं. ते पाहून रुपलने मीटरपट्टी बाजूला ठेवली नि म्हणाली, "तुम्ही पण त्यातल्याच की काय?" तिथून जी मैत्री जमली ती जमलीच. रविवार उजाडला की रुपलची स्कूटर दारात हजर. जयश्रीकडे दुर्बीण, रुपलकडे लांब नळीचा कॅमेरा. जयश्रीने शोधायचं, रुपलने टिपायचं.

दोघींचा खरा हंगाम म्हणजे फाल्गुन-चैत्र. थंडीत किनाऱ्यावर आलेले पाहुणे तेव्हा परत उत्तरेकडे निघतात. जायच्या आधी चिखलातलं खाऊन खाऊन गुबगुबीत होतात, आणि एरवीच्या मातकट अंगावर विटकरी, काळा, तांबूस रंग चढायला लागतो. "लग्नाला निघाले बघा सगळे," असं रुपल दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी स्वतःच हसायची.

सुरतेला गेल्यावर सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग आठवड्याने. मग फोन लावला की पलीकडून, "जयश्रीबेन, जरा वेळानं करते हं, बाबो रडतोय." तो जरा वेळ कधी यायचा, कधी यायचा नाही. जयश्रीने मनाला लावून घेतलं नाही. नातवात रमलेल्या माणसावर कसलं रागवायचं? पण यंदाचा चैत्र एकटीने काढायचा होता, हे मात्र तिला आधीपासूनच जड जात होतं.

हनुमान जयंती झाली, विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली. वर्गातली निम्मी पोरं यात्रेत. घरमालकीणही विचारून गेली, "बाई, येता का आमच्यासोबत?" जयश्री म्हणाली, "काम आहे." काम कसलं, पौर्णिमेचं उधाण होतं. उधाणाच्या भरतीला पाणी वरपर्यंत चढतं नि लांब चिखलात पांगलेले पक्षी ढकलत ढकलत अगदी माणसाजवळ आणतं. रविवारी शेअर रिक्षाने ती आगर गावच्या किनाऱ्यावर गेली आणि सुरूच्या झाडाखाली नेहमीच्या जागी बसली.

तिथून हाकेच्या अंतरावर चंद्रावतीचं बोंबील सुकवायचं मैदान होतं. बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर बोंबलांच्या माळा. चंद्रावती साठीची, अंगाने काटक, जिभेने तिखट. जयश्रीला ती मास्तरीण बाय म्हणायची आणि "इतकं काय बघायचं असतं ग त्यांच्यात?" एवढं विचारून आपल्या कामाला लागायची. उत्तराची वाट तिने कधी पाहिली नव्हती.

ऊन चढलं तशी भरती चढली. टिलव्यांचा थवा पाण्याच्या कडेकडेने वर येत होता. चिमणीएवढे जीव ते, चावी दिल्यासारखे धावतात, टोचा मारतात, पुन्हा धावतात. जयश्री दुर्बिणीतून एकेकावरून नजर फिरवत होती. त्यातला एक टोचा मारत नव्हता. तो मान खाली घालून चोच डावी-उजवीकडे फिरवत चालला होता, अंगण झाडल्यासारखी. चेहरा नि मान विटकरी. पक्षी थांबला, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि चोचीचं टोक तिला स्वच्छ दिसलं. चपटं, रुंद. बाहुलीच्या भातुकलीतल्या चमच्याएवढं.

चमच्या चोचीची तुतारी. पुस्तकातलं ते पान दोघींनी किती वेळा उघडून बघितलं होतं! जगात अगदी थोड्या उरल्यात, आणि ज्या आहेत त्या दुसऱ्याच वाटेने जातात. आपल्या किनाऱ्यावर ती दिसावी अशी कुणी आशासुद्धा करत नाही.

"रुपल, फोटो!" जयश्री म्हणाली आणि डोळ्यांवरची दुर्बीण न काढता डावा हात बाजूला नेला. हाताला पिशवी लागली.

तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी एका होडीचं इंजिन धडधडलं. थवा उठला, एकदा रुपेरी, एकदा काळा दिसला आणि पार दक्षिणेच्या टोकाकडे जाऊन दिसेनासा झाला. जयश्रीने फोनमधून जे काही टिपलं त्यात चिखल होता आणि चिखलावर ठिपके होते.

ती जवळजवळ पळतच चंद्रावतीकडे गेली. "मावशी, पाहिलात का? त्या थव्यात एक होता, चमच्यासारख्या चोचीचा!"

चंद्रावती काठीने कावळे हाकत होती. "मना कुठला वेळ बघाया? हे कावले बघ मेले, सगला माल नासवतात." मग तिचं लक्ष जयश्रीच्या चेहऱ्याकडे गेलं. काठी खाली करून तिने विचारलं, "चांगला होता का ग?"

"मावशी, आपल्याकडे तो येतच नाही."

"आला त खरा," चंद्रावती म्हणाली.

जयश्रीने तिथूनच रुपलला फोन लावला. पलीकडे मिक्सर चालू होता. "काय सांगता!" रुपल ओरडली. "फोटो?"

"फोटो कुठला? कॅमेरा तुझ्याकडे."

"अरेरे... बरं, पक्षीवाल्या ग्रुपवर टाका तरी. मी सांजे फोन करते हं."

संध्याकाळी फोन आला नाही. पण ग्रुपवर टाकलेल्या चार ओळींवर मात्र माणसं तुटून पडली. कुणी अंगठा दाखवला, कुणी नुसतंच "फोटो?" असं विचारलं, कुणी समजूत घातली की उन्हात चोचीला चिखल लागला की असं दिसतं. अखेर जिग्नेशचा फोन आला. हा बोईसरचा, कारखान्यात इंजिनिअर, ग्रुप तोच सांभाळायचा. माणूस सरळ.

"मॅडम, तुमच्यावर अविश्वास नाही. पण एवढ्या मोठ्या नोंदीला फोटो तरी हवा, नाहीतर दुसरं कुणीतरी पाहिलेलं हवं. सोबत कोणी होतं का?"

साधा प्रश्न. पण 'नाही' म्हणताना जयश्रीला तो शब्द फार उघडावाघडा वाटला. म्हणून ती पुढे बोलली, "म्हणजे, किनाऱ्यावर चंद्रावतीमावशी होत्या, पण त्या—"

"मग झालं तर!" जिग्नेश खूश झाला. "रविवारी येतो आम्ही. पक्षी शोधू, मावशींशीही बोलू."

राहिलेलं वाक्य जयश्रीला पुरं करता आलं असतं. तिने केलं नाही.

तो आठवडाभर ती शाळा सुटली की परस्पर आगर गाठायची. टिलवे होते, चिखल्या होते, कुरव पक्ष्यांची भांडणं होती. तो नव्हता.

रविवारी जिग्नेश आला, सोबत दोन मित्र, खांद्यावर तोफेएवढ्या लेन्स. चौघांनी सकाळभर थवा न् थवा चाळला. ऊन डोक्यावर आलं तशी त्या दोघांची चुळबुळ सुरू झाली. एकाने टोपीने वारा घेत म्हटलं, "त्या मावशींना विचारून घेऊ ना, आणि निघू."

चंद्रावती माळा उलटत होती. तिघं पुढे गेले. जयश्री मुद्दामच चार पावलं मागे थांबली. मावशी आता सांगतील की बाबांनो, मी काही बघितलं नाही, म्हणजे विषय संपेल. नोंद 'खात्री नाही' म्हणून पडून राहील. तेवढं सोसायची तिची तयारी होती.

"मावशी, मागच्या रविवारी मॅडमना एक पक्षी दिसला. तुम्ही पण पाहिला का तो?" जिग्नेशने विचारलं.

चंद्रावतीने हात पदराला पुसले. तिघांकडे बघितलं, त्यांच्या लेन्सकडे बघितलं, मग मागे एकट्या उभ्या असलेल्या जयश्रीकडे बघितलं.

"बघितला ना," ती म्हणाली. "या डोल्यांनी बघितला. चमच्यासारखी चोच."

हे शब्द तर जयश्रीनेच तिला सांगितले होते.

"अरे वा! आणि केवढा होता?" जिग्नेशने विचारलं.

"केवढा म्हंजे..." चंद्रावती क्षणभर अडली. मग तिने ठामपणे हात कमरेशी नेला. "एवढा. पांढरा सफेत. बगल्यापरीस उंच. कालं पाय. असा डुलत डुलत चालत होता पाण्यातून."

टोपीवाला खोकला, पण तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं. दुसरा समुद्राकडे बघायला लागला.

जिग्नेश हसला नाही. तो जयश्रीजवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मावशी सांगतायत तो आपला नेहमीचा चमचा पक्षी. खाडीत उतरतो अधूनमधून, तुम्हाला माहीतच आहे. राग मानू नका, पण लांबून, उन्हाच्या झळांमध्ये... तुम्हालाही तोच दिसला असेल का?"

बगळ्याहून उंच आणि चिमणीएवढा. इतक्या वर्षांनंतर तिला या दोहोंतला फरक विचारला जात होता. एक वाक्य पुरेसं होतं. मावशींनी काहीच पाहिलेलं नाही, त्या आपल्या मनाने सांगतायत, एवढंच म्हणायचं. ते तिच्या ओठांवर आलंही.

तिने चंद्रावतीकडे बघितलं. चंद्रावती हनुवटी वर करून उभी होती, शेजारणीच्या भांडणात तिच्या बाजूने उभं राहावं तशी. आपण काही चुकीचं बोललो याची तिला गंधवार्ता नव्हती. तिच्याच मैदानात, तिच्याच माळांपुढे, तीन परक्या माणसांदेखत तिला खोटं पाडायचं?

"हो," जयश्री म्हणाली. "तोच असेल."

जिग्नेशच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "होतं मॅडम असं. माझंही झालंय." जाताना तिघांनी चंद्रावतीकडून सुके बोंबील घेतले, गाडीत वास सुटेल म्हणून थट्टा केली नि निघून गेले.

गाडी वळणाआड गेली तशी चंद्रावती हसली. "बघ! मी बोलली म्हणून मानलं ना त्यांनी?"

"हो मावशी. तुमच्यामुळेच."

"ते तिघं आणि तू एकली. कोणतरी तुझ्या बाजूनं बोलाया नको?"

जयश्री खाली बसली आणि चंद्रावतीच्या जोडीने माळा उलटायला लागली.

जिग्नेशने ग्रुपवर सभ्यपणे लिहिलं, मॅडमनी पाहिलेला पक्षी चमचा होता, गैरसमज दूर झाला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. चमचे तर हल्ली सगळीकडेच सापडतात, असंही कुणीतरी लिहिलं, आणि त्यावर आणखी हसरे चेहरे.

दुसऱ्या दिवशी रुपलचा फोन. कितीतरी दिवसांनी आपणहून केलेला. "जयश्रीबेन! चिमणीएवढा आणि बगळ्याएवढा! मी गेले नि तुमचे डोळेपण घेऊन गेले की काय?" ती पोट धरून हसत होती, पूर्वी स्कूटरवर हसायची तशीच. जयश्रीही हसली. हसता हसता सगळं सांगून टाकावंसं वाटलं, विटकरी मान, झाडल्यासारखी फिरणारी चोच, चंद्रावतीची वर केलेली हनुवटी. पलीकडे बाळ रडायला लागलं.

"जा, बघ त्याला," जयश्री म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी बसून राहिली. ग्रुपवरचं हसणं तिला तितकं लागलं नव्हतं. रुपलला ते खरं वाटलं, हे लागलं.

त्या आठवड्यात पक्षी गेले. एका दुपारी ओहोटी लागता लागता थवा उठला, एरवीसारखा घिरटी घालून परत उतरला नाही. उंच, आणखी उंच गेला आणि बोर्डीच्या दिशेने किनारा धरून निघाला. जयश्रीने हात कपाळाशी धरून बघितलं, ठिपके विरून गेल्यावरही थोडा वेळ तशीच उभी राहिली. आता परत यायचे ते थेट पावसाळा सरतासरता.

तरी रविवारी ती गेलीच. चिखल मोकळा होता, खेकडे तेवढे निवांत फिरत होते. चंद्रावतीने लांबूनच विचारलं, "आज काय नाय दिसत?"

"गेले सगळे, मावशी."

"मग आता तू पण नाय यायची." तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. वारा सुटला होता, ताडपत्री उडत होती. जयश्रीने एक टोक धरलं, चंद्रावतीने दुसरं, दगड ठेवून झाले. "पावसात मी पण घरीच असते," चंद्रावती म्हणाली. "आगरात कोणाला पण विचार, घर दाखवतील." जयश्री बरं म्हणाली, आणि आपण जाऊ की नाही हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

परतीच्या रिक्षात शेजारी एक बाई होती, मांडीवर पेंगणारं पोर, यात्रेचा शेवट गाठायला निघालेली. तिने जयश्रीच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघून विचारलं, "ताई, यातून काय बघता?"

"पक्षी."

"काय दिसला मग?"

जयश्रीने सांगितलं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. केवढासा होता, मान कशी विटकरी होती, चोच कशी डावी-उजवीकडे फिरत होती, कसं थांबून त्याने समोर बघितलं. बाई पोराचं डोकं सावरत हं हं करत होती.

"असतो का असा पक्षी?" तिने विचारलं.

"असतो. मी पाहिलाय."

स्टेशन आलं. बाईने पोर खांद्यावर टाकलं, "येते हं ताई," म्हणाली आणि विवळवेढ्याच्या गाडीसाठी गर्दीत शिरली.